जनमताचे मापाडी

सोलापूरच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. किलोला १ रुपया भाव लागला. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या वाट्याला २ रुपये ४९ पैसे उरले, आणि हाती पडलेला धनादेशही पुढल्या तारखेचा. त्या हिशेबपट्टीची छायाचित्रे महाराष्ट्रभर फिरली व राज्यकर्त्यांची पुरती नाचक्की झाली. ती होऊ शकली याचे कारण एवढेच, की पट्टी अस्तित्वात होती. ती निर्दय होती. पण तिच्यावर वजन लिहिलेले होते, दर लिहिलेला होता, कपात किती व कशापोटी हेही लिहिलेले होते. ज्या काट्यावर तो कांदा तोलला जातो त्या काट्याला सरकारी शिक्का लागतो आणि तोलणाऱ्या मापाड्याला परवाना लागतो.

त्याच शेतकऱ्याच्या मताचे माप जेव्हा घेतले जाते, तेव्हा मात्र शिक्का नसतो, परवाना नसतो आणि पट्टी तर नसतेच. निवडणुकीच्या हंगामात मतदानपूर्व आणि मतदानोत्तर चाचण्यांचा जो बाजार भरतो, त्यात माल जनतेचा, काटा कंपनीचा आणि भाव सांगणार दूरचित्रवाणीचा निवेदक. (हमाल-मापाडी हा घाम गाळणारा, संघटित होऊन लढलेला वर्ग आहे. त्याचे नाव या धंद्याला देणे हा त्याच्यावर थोडा अन्यायच आहे.) हा बाजार केवळ करमणुकीचा असता तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु या मापांवर शेअरबाजार वरखाली होतो, पक्षांची तिकिटे ठरतात, कार्यकर्त्यांचे अवसान गळते किंवा चढते. आणि लोकांनी काय म्हटले याऐवजी लोक काय म्हणणार आहेत यावरच देशाचे राजकारण चालू लागते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीचे उदाहरण ताजे आहे. सोलापूर आणि माढा या दोन्ही मतदारसंघांत ७ मे रोजी मतदान झाले. मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे १ जूनच्या संध्याकाळी जाहीर झाले. बहुतेक प्रमुख संस्थांनी सत्ताधारी आघाडीला देशात ३५० च्या पुढे जागा दिल्या, काहींनी ४०० पर्यंत मजल मारली. महाराष्ट्रात ‘ॲक्सिस माय इंडिया’ या संस्थेने त्या आघाडीला ४८ पैकी २८ ते ३२ जागा देऊ केल्या. सोमवारी, ३ जूनला, मुंबईचा शेअर निर्देशांक सुमारे २,५०० अंशांनी उसळला. ४ जूनला खरी मते मोजली गेली. भाजपला २४० व त्याच्या आघाडीला २९३ जागा मिळाल्या. महाराष्ट्रात महायुती १७ वर थांबली आणि महाविकास आघाडी ३० वर गेली. निर्देशांक एका दिवसात जवळजवळ ४,४०० अंशांनी कोसळला. त्या संस्थेचे प्रमुख प्रदीप गुप्ता दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रडले आणि देशाने ते पाहिले. सोमवारी चढ्या भावाने खरेदी करून मंगळवारी बुडालेल्या छोट्या गुंतवणूकदाराचे रडणे पाहायला तिथे कॅमेरा नव्हता. यात कुणाचे संगनमत होते असे सिद्ध झालेले नाही, आणि पुराव्यावाचून तसे म्हणणेही गैर ठरेल. पण ज्या मापावर एवढी उलाढाल होते, ते कसे घेतले याची पट्टी मागण्याचा अधिकार त्यामुळे कमी होत नाही.

चुकणे हा या शास्त्राचा गुन्हा नव्हे. महाराष्ट्रासारख्या झुलत्या राज्यात तर चूक टाळणे फार कठीण आहे. त्या निवडणुकीत दोन्ही आघाड्यांच्या मतांमधील अंतर एका टक्क्याहूनही कमी होते. जागांमधील अंतर १३ चे पडले. आपल्या निवडणूक पद्धतीत मतांचा छोटासा कल जागांची मोठी उलथापालथ करतो. हजार माणसांना प्रश्न विचारला, आणि ती माणसे अगदी निष्पक्षपणे निवडली, तरी उत्तरात तीन टक्के इकडे-तिकडे होणार हे गणिताचे पहिले पान आहे. मग ज्या राज्यात निकाल एका टक्क्याच्या आत ठरतो, तिथे जागांचा नेमका आकडा सांगणारा मनुष्य गणित सांगत नसून ज्योतिष सांगत असतो. सांगोल्यात २०१९ साली विधानसभेचा निकाल ७६८ मतांनी लागला. गणपतराव देशमुखांनी अकरा वेळा जिंकलेला तो मतदारसंघ शेतकरी कामगार पक्षाच्या हातून त्या ७६८ मतांनी गेला. ती मते मोजणारा नमुना कुठल्या कंपनीकडे असतो?

आणि कल कशाने बदलतो? सोलापूर लोकसभेत २०१९ साली भाजपचे जयसिद्धेश्वर महास्वामी दीड लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले. सुशीलकुमार शिंदे पराभूत झाले आणि प्रकाश आंबेडकर १ लाख ७० हजार मते घेऊन तिसरे राहिले. पाच वर्षांनी प्रणिती शिंदे यांनी भाजपच्या राम सातपुते यांच्यावर ७४ हजारांहून अधिक मतांनी मात केली. या मधल्या काळात काय घडले हे सोलापूरचा कोणताही कार्यकर्ता सांगू शकेल. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला. शेजारच्या माढ्यात अकलूजचे मोहिते-पाटील भाजप सोडून शरद पवारांच्या पक्षात आले. आणि कांदा! डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लादली गेली आणि ती उठली ४ मे २०२४ ला, म्हणजे इथल्या मतदानाच्या अवघे तीन दिवस आधी. उठताना निर्यातशुल्काचे ओझे मात्र ठेवून गेली. महिनोन्महिने ज्याचा माल पडून राहिला त्याला तीन दिवसांत विसर पडेल असे दिल्लीला वाटले. चाचणीवाल्याच्या प्रश्नावलीत ‘मत कोणाला?’ हा रकाना असतो. निर्यातबंदीने जो संताप साठला, तो त्या रकान्यात मावत नाही. मावलाच तर त्याचा ‘कल’ होतो आणि कारण गळून पडते.

या शास्त्राचा वर्गीय दोष जुना आहे. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक लोकांची उत्तरे गोळा करून रूझवेल्ट पडणार असे छातीठोकपणे छापले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते दूरध्वनीच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून; मंदीत होरपळलेल्या, ज्यांच्या घरी दूरध्वनी नव्हता अशा कामकऱ्याला विचारायचे राहून गेले होते. ऐंशी वर्षांनी, २०१६ साली, तोच प्रकार नव्या रूपात घडला. तिथे अध्यक्षाची निवड काही मोजक्या झुलत्या राज्यांवर ठरते. विस्कॉन्सिन त्यांपैकी एक. तिथल्या मार्केट विद्यापीठाच्या शेवटच्या चाचणीत हिलरी क्लिंटन सहा टक्क्यांनी पुढे होत्या. ट्रम्प सुमारे २३ हजार मतांनी जिंकले. पुढे तिथल्या जनमत-संशोधकांच्या संघटनेने रीतसर चौकशी केली. अनेक मतदारांनी शेवटच्या आठवड्यात मन बनवले हे एक कारण निघाले. दुसरे असे, की चाचण्यांना उत्तरे देणाऱ्यांत पदवीधर जास्त होते, आणि अनेक राज्यांतील संस्थांनी त्याची दुरुस्ती हिशेबात केलीच नव्हती. कमी शिकलेला कामगार पुन्हा एकदा मोजणीबाहेर राहिला होता.

ही गोष्ट सोलापूरला लावून पाहावी. इथल्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या, पान-तंबाखू घरी आणून विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. यंत्रमागावर चादर-टॉवेल विणणारा कामगार पाळीत उभा असतो. अक्कलकोटकडे घरात कानडी चालते, शहराच्या काही मोहल्ल्यांत उर्दू. या माणसांना कोणत्या भाषेत, किती वाजता, कोणी विचारले? फोनवर विचारले की दारात? ज्याने दार उघडले नाही त्याच्या जागी कोणाचे उत्तर भरले? कुंभारीच्या रे नगरचेच घ्या. असंघटित कामगारांची ही ३० हजार घरांची वसाहत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे झालेल्या लढ्यातून उभी राहिली, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांचे हस्तांतरण पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्या घराच्या दारात उभा राहून एखादा अनोळखी तरुण हातात यंत्र धरून ‘ताई, मत कोणाला?’ असे विचारतो, तेव्हा तिने काय सांगावे? तो कंपनीचा आहे, पक्षाचा आहे की सरकारचा, हे तिला ठाऊक नाही. महिन्याचे अनुदान खात्यात येते ते कुणाच्या नाराजीने थांबेल याचा भरवसा नाही. गुप्त मतदानाचा हक्क दुबळ्यांच्या संरक्षणासाठी मिळवला गेला. तो दारावर येऊन उकलून दाखव म्हटल्यावर दुबळा मनुष्य सोयीचे बोलतो किंवा हसून आत जातो. तिच्या त्या शहाणपणाला ही मंडळी ‘मूक मतदार’ म्हणतात, जणू दोष तिचाच.

आता याच जिल्ह्यातील दुसरी मोजणी पाहावी. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माळशिरस मतदारसंघातून उत्तम जानकर यांनी राम सातपुते यांचा १३ हजारांवर मतांनी पराभव केला. पण मारकडवाडी गावात मात्र सातपुते यांना १,००३ आणि जानकर यांना ८४३ मते दिसली. गावाचा आकड्यांवर विश्वास बसेना. ग्रामस्थांनी स्वखर्चाने मतपत्रिका छापल्या व ३ डिसेंबरला आपल्यापुरते मतदान पुन्हा घेऊन पाहायचे ठरवले. प्रशासनाने त्याला कायद्याचा आधार नाही असे सांगितले, जमावबंदीचा आदेश काढला आणि गावात पोलिसांचा ताफा उभा केला. एक जरी मत पडले तरी साहित्य जप्त होईल व गुन्हे दाखल होतील असे बजावण्यात आले. मतदान रद्द झाले. आमदार जानकर यांच्यासह अनेकांवर गुन्हे मात्र नोंदले गेलेच. पुढे शरद पवार गावात येऊन गेले, त्यांच्यामागोमाग भाजपच्या बाजूच्या नेत्यांनीही तिथे सभा घेतली, आणि माळरानावरचे ते गाव काही दिवस देशाच्या नकाशावर आले.

मारकडवाडीचे ते मतदान झाले असते तर त्यातून मतदानयंत्रांविषयी काही सिद्ध झाले असते काय? प्रामाणिकपणे पाहता, फारसे नाही. निकाल लागल्यानंतर, पुढाऱ्यांच्या देखत, एका बाजूच्या पुढाकाराने घेतलेल्या मतदानाला दुसऱ्या बाजूचे मतदार आले नसते; जे आले असते त्यांच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे डोळे असते. मोजमापाच्या दृष्टीने ती कच्ची चाचणी होती. गावातही तिला विरोध करणारे होतेच. परंतु कच्च्या चाचणीला जमावबंदी लागते असा नियम असेल, तर १ जूनच्या संध्याकाळी दूरचित्रवाणीच्या कचेऱ्यांबाहेर पोलिसांच्या गाड्या उभ्या राहावयास हव्या होत्या! मारकडवाडीने निदान आपली पद्धत गावासमोर सांगितली होती: कागद कुठला, पेटी कुठली, दिवस कुठला, मोजणार कोण. कंपनीने यातले काय सांगितले? गावाने स्वतःला प्रश्न विचारणे हा शांततेला धोका, आणि कंपनीने गावाच्या वतीने उत्तर बनवणे हा व्यवसाय, असा हा न्याय आहे. प्रश्न यंत्राचा असो वा कागदाचा, जनतेला विचारण्याचा मक्ता कोणाकडे, हा खरा मुद्दा मारकडवाडीत उघडा पडला.

या न्यायाचा आणखी एक नमुना ऑगस्ट २०२५ मध्ये दिसला. ‘लोकनीती’ ही अभ्याससंस्था आपल्या सर्वेक्षणांची पद्धत प्रसिद्ध करणाऱ्या थोड्या संस्थांपैकी एक. तिच्या संजय कुमार यांनी महाराष्ट्रातील काही मतदारसंघांच्या मतदारसंख्येविषयी चुकीचे आकडे समाजमाध्यमावर टाकले, दोन दिवसांत ते मागे घेतले आणि जाहीर माफी मागितली. त्यांच्यावर महाराष्ट्रात गुन्हे नोंदले गेले. सर्वोच्च न्यायालयाला ती कारवाई थांबवावी लागली. चूक कबूल करणाऱ्या अभ्यासकामागे फौजदारी लागते आणि शंभर जागांनी चुकलेला व्यापारी पुढच्या निवडणुकीला त्याच खुर्चीवर येऊन बसतो. अमेरिकेतही २०२४ साली याची आवृत्ती निघाली. आयोवा राज्यात ॲन सेल्झर या नावाजलेल्या चाचणीकर्तीने कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे असल्याचे सांगितले. ट्रम्प तेरा टक्क्यांनी जिंकले आणि जिंकूनही त्यांनी तिच्यावर दावा ठोकला. तिची चूक मोठी होती, पण तिने आपले तक्ते जगापुढे ठेवले. म्हणूनच ती कुठे चुकली असावी याची चर्चा तरी होऊ शकली.

विरोधी पक्षांनी या बाबतीत साळसूद चेहरा करण्याचे कारण नाही. जून २०२४ मध्ये चाचण्यांना ‘विकाऊ’ म्हणणाऱ्यांना ऑक्टोबरमध्ये त्याच चाचण्यांनी हरियाणात काँग्रेसचे राज्य येणार असे सांगितले, तेव्हा नमुना किती व पैसा कोणाचा हे विचारण्याची आठवण कुणाला झाली नाही. तिथे भाजपला ९० पैकी ४८ जागा मिळाल्या. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रात महायुतीच्या तीन पक्षांनी २८८ पैकी २३० जागा घेतल्या. बहुतेक चाचण्यांनी महायुतीला सत्ता दिली होती. पण २३० हा आकडा एकाही प्रमुख चाचणीत नव्हता. आपल्या बाजूचा आकडा आला की शास्त्र, विरुद्ध आला की कारस्थान, हे वागणे सर्वपक्षीय आहे.

याहूनही घातक गोष्ट पक्षांच्या घरात घडली आहे. कोणाला उमेदवारी द्यावी हे पूर्वी तालुक्याच्या बैठकीत, भांडून का होईना, ठरत असे. आता ‘सर्व्हेत नाव आहे का?’ हा परवलीचा शब्द झाला आहे. सर्व्हे कोणी केला, कोणाला विचारले, याची प्रत तालुकाध्यक्षालाही दिसत नाही. दिसतो फक्त निर्णय. ज्याला डावलायचे आहे त्याला सर्व्हे दाखवायचा आणि ज्याला द्यायचे आहे त्याच्यासाठी सर्व्हे बाजूला ठेवायचा, अशी ही सोयीची देवता आहे. पंचवीस वर्षे मोर्चे काढलेल्या कार्यकर्त्याचे मूल्यमापन पंधरा दिवसांसाठी नेमलेला रोजंदार तरुण करतो, आणि त्या बिचाऱ्यालाही वेळेवर मजुरी मिळते की नाही हे कोणी विचारत नाही. समाजवादी विचाराचे पक्षही या मोहातून सुटलेले नाहीत. वस्तीत बसून ऐकण्याचे काम एकदा कंत्राटावर दिले, की मग वस्तीतले कार्यालयही भाड्याचे ओझे वाटू लागते.

बंदी हा यावर उपाय नव्हे. निवडणूक आयोगाने १९९८ साली अशा चाचण्या प्रसिद्ध करण्यावर निर्बंध घातले. पुढल्या वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा कायद्यावाचून ते अमलात आणण्याचा अधिकार आयोगाला नाही असे स्पष्ट झाले आणि आयोगाने ते मागे घेतले. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने कलम १२६-अ आले. सर्व टप्प्यांचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचणी प्रसिद्ध करणाऱ्याला त्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण हे कलम केवळ ‘केव्हा’ छापावे ते सांगते; ‘कसे’ केले ते सांगा, असे म्हणत नाही. फ्रान्सने १९७७ सालीच कायदा करून चाचण्यांवर देखरेख करणारा स्वतंत्र आयोग नेमला. आपल्याकडेही मसुदा तयार आहे. मार्च २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात कलम १२६-क सुचवले: चाचणी करणारी संस्था कोणती, तिला काम व पैसा कोणी दिला, किती लोकांना विचारले, कोणत्या पद्धतीने, चुकीची शक्यता किती, हे सांगितल्यावाचून कोणतीही मतदानपूर्व चाचणी प्रसिद्ध करता येऊ नये. त्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे सोलापूरचे. वकिलीचा आरंभ त्यांनी इथल्याच जिल्हा न्यायालयात केला. त्यांच्या शिफारशीनंतर लोकसभेच्या दोन निवडणुका उलटल्या, चाचण्यांचा धंदा वाढला आणि कलम अहवालातच राहिले.

संसदेत ते मांडण्याची घाई कोणत्याही मोठ्या पक्षाला नाही, कारण त्यातले ‘पैसा कोणी दिला’ हे तीन शब्द त्यांनाच अडचणीचे आहेत. त्यामुळे ही मागणी खालूनच यावी लागेल, आणि ती करणाऱ्या पक्षाने प्रथम स्वतःच्या उमेदवारीसाठी केलेल्या सर्व्हेचा कागद, खर्चासकट, तालुक्याच्या बैठकीत टेबलावर ठेवावा लागेल.